‘तुझं मराठी किती छान आहे!’ : ऑफिसातला भेदभाव आणि दहा मिनिटांची फिल्म

नवी मुंबईत आज नोकऱ्यांची चर्चा जोरात आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पनवेल, उलवे, तळोज्यापर्यंतच्या घराघरांत एकच विषय सुरू झाला, आपल्या मुलामुलींना तिथे काही संधी मिळेल का? त्याआधीपासून ऐरोली, घणसोली, महापे इथल्या काचेच्या इमारतींत आपली मुलं जात आहेतच. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवून उभ्या असलेल्या तरुणांच्या गर्दीत हिजाब घातलेल्या मुली आता सहज दिसतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे चित्र असं नव्हतं. पालकांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, त्याचं हे फळ आहे, अल्हम्दुलिल्लाह.

पण नोकरी मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं होत नाही. ऑफिसात बसल्यावर काय ऐकावं लागतं, हे मुलं घरी येऊन फारसं सांगत नाहीत. अम्मी-अब्बांना काळजी नको, म्हणून विषय टाळतात. खोदून विचारलं तर एक वाक्य मात्र बहुतेकांच्या तोंडून येतं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कौतुकाने म्हणालेलं असतं, ‘अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!’

म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या मुलीचं गाव म्हसळा किंवा श्रीवर्धन आहे, जिचे आजोबा-पणजोबा याच मातीत शेती आणि मासेमारी करत आले, तिला हे वाक्य कसं लागत असेल? जोशी किंवा पाटील आडनावाच्या मुलीला कुणी असं म्हणत नाही. या कौतुकाच्या पोटात एक गृहीतक आहे, तू इथली नाहीस. शिवी नसते, धमकी नसते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. करायची झाली तरी कुणाकडे आणि काय म्हणून करायची?

या लेखात आम्हाला याच अडचणीबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्यावरच्या एका उपायाबद्दल. तो उपाय आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. आज तो नव्या रूपात पुढे येतो आहे, एवढंच.

बटण दाबा, प्रमाणपत्र घ्या

मोठ्या कंपन्यांत दरवर्षी ‘समावेशना’चं प्रशिक्षण असतं. इंग्रजीत त्याला डायव्हर्सिटी आणि इन्क्लुजन म्हणतात. कर्मचाऱ्याच्या ईमेलवर एक लिंक येते. तीस-चाळीस स्लाइड्स, शेवटी दहा प्रश्न, ऐंशी टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र. आमच्या माहितीतली कितीतरी मुलं ही लिंक एका खिडकीत उघडून ठेवतात, आवाज बंद करतात आणि दुसऱ्या खिडकीत आपलं काम करतात. अधूनमधून ‘पुढे’चं बटण दाबलं की झालं. प्रश्नांची उत्तरं तर इतकी उघड असतात की स्लाइड न बघताही बरोबर येतात. सहकाऱ्याचा अपमान करणं योग्य आहे का? होय की नाही? याचं उत्तर कोण चुकवणार?

यामुळे कंपनीच्या कागदावर सगळे ‘प्रशिक्षित’ होतात आणि जेवणाच्या टेबलावर तेच टोमणे सुरू राहतात.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी तिथल्या आठशेहून अधिक कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली आणि २०१६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आपले निष्कर्ष मांडले. सक्तीच्या प्रशिक्षणाने वरच्या पदांवरचं वंचित गटांचं प्रमाण वाढत नाही, काही गटांच्या बाबतीत तर उलट घटतं, असं त्यांना आढळलं. कारण समजायला कठीण नाही. माणसाला बाकावर बसवून ‘तू पक्षपाती आहेस, सुधार’ असं सांगितलं तर तो सुधारत नाही, चिडतो. घरातल्या पोरांना नुसता उपदेश करून किती फरक पडतो, हे आपण सगळे जाणतो. मोठ्यांचंही तसंच असतं.

भेदभाव आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही

काही जण म्हणतील, हे सगळं तुमच्या मनाचं आहे. म्हणून थोडे आकडे.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला जेमतेम एक तृतीयांश. २०२२ मध्ये ‘लेड बाय फाउंडेशन’ने मुलींच्या बाबतीत असाच प्रयोग केला. एकच बायोडेटा, दोन काल्पनिक नावं, हबीबा अली आणि प्रियंका शर्मा. दहा महिन्यांत एक हजार नोकऱ्यांसाठी दोघींच्या नावाने अर्ज गेले. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आणि २०१५ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला ‘आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो’ असं ईमेलवर लिहून कळवलं, ते प्रकरण देशभर गाजलं होतं. कंपनीने नंतर ती एका कर्मचाऱ्याची चूक असल्याचं सांगितलं. तिथे निदान लेखी तरी मिळालं. एरवी नकार येतो, कारण येत नाही.

मग कायदा काय करतो? संविधानाची कलमं १५ आणि १६ धर्म, जात, लिंग यांवरून भेदभावाला मनाई करतात, पण नोकरीच्या बाबतीत त्यांचा बांध मुख्यतः सरकारला आहे. खासगी कंपन्यांसाठी विषयवार कायदे आहेत. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा. खासगी कंपनीने धर्मावरून नोकरी नाकारली तर थेट दाद मागता येईल, असा सर्वंकष कायदा मात्र आजही नाही. न्या. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली होती. जवळपास दोन दशकं झाली, आयोग आलेला नाही.

त्यात आता जगाचं वारंही फिरलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी सरकारी खात्यांतले समावेशनाचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. मेटासारख्या बड्या कंपन्यांनीही आपले कार्यक्रम गुंडाळले. नवी मुंबईतली अनेक ऑफिसं परदेशी कंपन्यांची कामं करतात, त्यामुळे तिकडे शिंकलं की इकडे सर्दी होते. तसंही तिकडून आलेल्या प्रशिक्षणात गोऱ्या-काळ्यांचा वंशभेद असतो, स्त्री-पुरुष समानता असते. आपल्याकडे जे खरोखर टोचतं, म्हणजे जात आणि धर्म, त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. परदेशातल्या एका शहराला कळलं, आपल्याच शहरातल्या प्रशिक्षणाला कधी कळणार?

जे व्याख्यानाने होत नाही ते खेळाने होतं

वाशीत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ज्या भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं, त्यांचं नाव या नव्या शहराने जपलं. महाराष्ट्राला नाटकाचं वेड आहे आणि समाज बदलायला नाटक वापरण्याची रीतही इथे जुनी आहे. सत्यशोधकांचे जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेखांचा डफ आणि पहाडी आवाज गिरणगावापासून खेड्यापाड्यापर्यंत पोचला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर घुमलाच. त्या काळात कामगाराला हक्क समजावून सांगायला कुणी स्लाइड्स दाखवल्या नाहीत. सावकार, मुकादम आणि मजूर समोर उभे केले, लोक हसले, चिडले आणि घरी जाताना विचार करत गेले.

ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. अन्यायाचा एक प्रसंग रंगमंचावर दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकाने मध्येच ‘थांबा’ म्हणून स्वतः पात्राच्या जागी उभं राहायचं. तू असतास तर काय केलं असतंस, करून दाखव. पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यांत हे काम करते आहे.

कंपन्यांसाठी नाट्यमय फिल्म ही कल्पनाही काही आजची नाही. विनोदी नट जॉन क्लीज यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘व्हिडिओ आर्ट्स’ काढली. बैठक कशी घेऊ नये, ग्राहकाशी कसं बोलू नये, हे त्यांनी हसवत हसवत दाखवलं आणि त्या फिल्म जगभरच्या कंपन्यांनी घेतल्या.

पण याने खरंच फरक पडतो का? इथे रवांडाचं उदाहरण लक्षात घेण्यासारखं आहे. १९९४ मध्ये तिथे भीषण वंशसंहार झाला आणि द्वेष पसरवण्यात रेडिओचा मोठा हात होता. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच रेडिओवर ‘मुसेकेवेया’ नावाची मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, त्यांच्यातलं वैर आणि गावांच्या सीमा ओलांडणारी मुलं-मुली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी वर्षभर एका गटाला ही मालिका ऐकवली, दुसऱ्या गटाला आरोग्यावरची मालिका. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नव्हती. बदललं ते दुसरंच, आपल्या समाजात काय चालतं आणि काय चालत नाही याची त्यांची समज. असहमती उघड बोलून दाखवायला लोक तयार झाले, आणि एकत्र वापरायच्या वस्तूचं काय करायचं हे आपसात बोलून ठरवू लागले.

ऑफिससाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे. शेजारी बसणाऱ्याच्या मनात काय आहे, ते एका फिल्मने धुऊन निघणार नाही. पण ‘इथे असं बोललेलं चालत नाही’ ही जाणीव तयार होऊ शकते. आपल्या मुलीला रोज आठ-नऊ तास जिथे काढायचे आहेत, तिथे तेवढी जाणीवही खूप झाली.

अशी फिल्म कशी असावी

समजा, दहा मिनिटांची फिल्म आहे. ऐरोलीतलं एखादं ऑफिस, जेवणाची सुट्टी, एका टेबलावर पाच जण. नवी रुजू झालेली मुलगी डबा उघडते. एक जण म्हणतो, ‘तुझं मराठी किती छान आहे!’ ती हसते. दुसरी विचारते, ‘तुमच्यात मुलींना एवढं शिकवतात?’ ती पुन्हा हसते, या वेळी जरा कमी. तिसरा डब्यात डोकावून काहीतरी विनोद करतो आणि सगळे हसतात. टेबलाच्या टोकाला बसलेला एक जण हसत नाही, पण बोलतही नाही. मोबाइल बघत राहतो. पुढच्या प्रसंगात बंद दाराआड बढतीची चर्चा चाललेली आहे. काम तिचं उत्तम आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मग साहेब म्हणतात, ‘पण क्लायंटसमोर पाठवायचं, तर… म्हणजे तिलाच अवघड वाटेल, नाही का?’ सगळे माना डोलावतात. मोबाइलवालाही.

फिल्म इथे थांबवायची आणि दिवे लावायचे. खोलीत बसलेल्या वीस माणसांना विचारायचं, इथे चूक कुणाची? तुम्ही त्या टेबलावर असता तर कुठल्या खुर्चीत बसला असतात? त्या मोबाइलवाल्याने कोणतं एक वाक्य बोलायला हवं होतं?

गंमत अशी की या फिल्ममध्ये खलनायक कुणीच नाही. म्हणूनच ती चालते. मिशा पिळणारा दुष्ट माणूस दाखवला, तर प्रेक्षक निर्धास्त होतो, ‘मी काही असा नाही’ म्हणतो आणि सुटतो. मोबाइलवाला मात्र प्रत्येकाला आरशात दिसतो.

एम. एस. सथ्यू यांचा १९७३ चा ‘गर्म हवा’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आग्र्यातल्या सलीम मिर्झांना घर मिळत नाही, कर्ज मिळत नाही, आणि पदवी हातात घेऊन सिकंदर नोकरीसाठी वणवण करतो. दारं एकेक करून बंद होत जातात, तेही बहुतेकदा आवाज न करता. भेदभाव असा दाखवला की तो पाहणाऱ्याच्या मनात घर करतो.

अशा फिल्म बिघडतातही, आणि लवकर बिघडतात. मुस्लिम पात्र म्हणजे डोक्यावर टोपी, तोंडात उर्दू आणि हातात बिर्याणी, असं दाखवलं की ज्या साच्याशी भांडायचं तोच साचा पक्का होतो. शेवटी मोठ्या मनाचे साहेब येऊन भाषण देतात आणि सगळे टाळ्या वाजवतात, हाही तसाच खोटेपणा. मुलीला नुसती रडवली, तर लोक तिची कीव करतात, बरोबरीने वागवत नाहीत. हे टाळायचं तर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ज्यांनी हे सोसलं ती माणसं बसली पाहिजेत. कोकणी मुस्लिम घरातली मुलगी कशी बोलते, जुम्याच्या दिवशी दीडची मीटिंग लागली की पोरगा काय करतो, रोज्याच्या महिन्यात पार्टीचं निमंत्रण आलं की कसं उत्तर देतो, हे पुस्तकातून कळणार नाही.

फिल्मने सगळं होणार नाही

इथे एक सावधगिरी हवी. कंपनीने छान फिल्म दाखवली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले आणि बायोडेटा चाळताना हबीबाचा कागद पुन्हा खालीच गेला, तर त्या फिल्मचा उपयोग काय? २०१८ च्या मे महिन्यात स्टारबक्सने वर्णभेदाच्या एका घटनेनंतर अमेरिकेतली आठ हजारांहून जास्त दुकानं एका दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, स्टॅन्ली नेल्सन यांच्यासारख्या नामवंत दिग्दर्शकाची फिल्म दाखवली. पण एका दुपारीत सवयी बदलत नाहीत, ही टीका तेव्हाही झाली. फिल्मनंतर चर्चा हवी, चर्चेनंतर नियम हवेत, आणि नियम मोडला तर दाद मागायला जागा हवी. भरती करताना पहिल्या चाळणीत नावं झाकून ठेवणं, मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारणं, बढतीची कारणं लेखी देणं, हे साधे उपाय आहेत. त्यांना खर्चही फारसा येत नाही.

महिलांच्या छळाविरुद्धच्या कायद्याचा अनुभव हेच सांगतो. १९९७ चा विशाखा निकाल झाला, २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक झाली, ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणं हेही मालकाचं कर्तव्य ठरलं. तरी गोव्याच्या एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवावं लागलं. धर्मावरून होणाऱ्या भेदभावाला तर एवढंही कवच नाही.

बोट आपल्याकडेही वळवू या

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपल्या शिक्षणसंस्था आहेत, ट्रस्ट आहेत, हॉस्पिटलं आहेत, हॉटेलं आणि कारखाने आहेत. तिथे दहाहून जास्त माणसं काम करतात. अंतर्गत समिती किती ठिकाणी आहे? तिथल्या शिक्षिकांना समितीच्या सदस्यांची नावं तरी माहीत आहेत का? आपल्या दुकानात काम करणाऱ्या दलित पोराला, साफसफाई करणाऱ्या बाईला, एका पायाने अधू असलेल्या कारागिराला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा न करण्याची, वाईट टोपणनावं न ठेवण्याची शिकवण आहे. ती आपण दुसऱ्यांना ऐकवतो, आपल्या गल्ल्यावर बसल्यावर मात्र विसरतो. दुसऱ्याच्या ऑफिसात न्याय मागायचा, तर आपल्या दुकानात तो आधी दिसला पाहिजे. अशी फिल्म बनेल, तेव्हा त्यातला एक भाग आपल्याबद्दलही असायला हवा.

आणि ती बनवायला कुणाची वाट पाहायची? आपल्या समाजातली किती तरी मुलं आज मास मीडिया शिकत आहेत, लग्नांचं शूटिंग करतात, मोबाइलवर एडिटिंग करतात. हातात साधन आहे, गोष्ट तर घरातच आहे. पनवेल, नेरूळ, तळोजा, तुर्भे इथल्या तरुणांनी हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती मित्रांना सोबत घेऊन दहा मिनिटांची एक फिल्म बनवावी. आधी ती महाविद्यालयात दाखवावी, मोहल्ल्यात दाखवावी, मग एखाद्या कंपनीच्या दारात घेऊन जावी. दहा कंपन्या नाही म्हणतील, अकरावी कदाचित हो म्हणेल.

पालकांनाही एक विनंती. आज रात्री मुलगी ऑफिसातून आली की जेवताना पगाराबद्दल विचारू नका. विचारा, ‘बेटा, दुपारी कुणाबरोबर जेवलीस?’ ती सांगू लागली तर मध्ये बोलू नका, शेवटपर्यंत ऐका. कुणास ठाऊक, फिल्मची पहिली ओळ तिथेच मिळेल.